दस्तगीरभाईंचा गुरुवार

दस्तगीरभाई नदाफ गिऱ्हाइकाच्या गादीवर झोपायचे. चोरून नाही, चांगले भर दुपारी, दुकानाच्या दारात. नवी गादी शिवून झाली की चपला काढायच्या, गादीवर आडवं व्हायचं आणि डोळे मिटायचे. थोड्या वेळात घोरणं ऐकू आलं, की गादी पास. नाही आलं, तर उठून कोपऱ्याची शिवण उसवायची, आत हात घालून कापूस इकडचा तिकडे करायचा आणि पुन्हा आडवं व्हायचं. एकदा प्राधिकरणात राहणाऱ्या एक बाई गादी न्यायला आल्या, तर त्यांच्या गादीवर हे गाढ. बाई माझ्या दुकानात येऊन म्हणाल्या, "अहो, त्यांना उठवा ना. माझी गादी आहे ती." मी हाक मारली. डोळे न उघडताच ते म्हणाले, "मॅडम, तुमी नशीबवान हाय. असली झोप मला लग्न झाल्यापासनं लागली न्हाई." बाईंनी गादी नेली आणि पुढच्या महिन्यात चार उशाही शिवायला टाकल्या.

काळेवाडीत त्यांचं गादीचं दुकान आणि माझं झेरॉक्सचं, मध्ये एक भिंत. भिंत आपली म्हणायची. वर छपरापाशी ती हातभर मोकळीच होती. त्यांचं कापूस पिंजायचं मशीन सुरू झालं की तिथून कापसाचे तंतू माझ्याकडे यायचे आणि थेट माझ्या मशीनच्या काचेवर बसायचे. लोकांच्या आधार कार्डाच्या प्रतींवर पांढऱ्या मिशा उगवायच्या. मी भांडायला गेले की ते कामावरून मान वर करत. दाढीत कापूस, भुवयांवर कापूस, पापण्यांवर कापूस. इतक्या कापसातल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? "ताई, चादर वली करून लावतो मधी," म्हणायचे आणि खरंच लावायचे. चादर वाळली की पुन्हा मिशा. असा आमचा शेजार कितीतरी वर्षं सुखाने चालला.

त्यांचं मूळ गाव शिरूरकडचं. बापजाद्यांचा धंदा पिंजाऱ्याचा. घरात त्यांचं आपसांत दखनी चाले, माझ्यासमोर मात्र सगळे मराठीवर येत. घर दुकानाच्या मागेच, त्यामुळे घरातलं भांडण, फोडणी आणि फोनवरचं बोलणं यातलं काहीही मला चुकलं नाही. बायको जैनबभाभी, थोरला अल्ताफ, धाकटा इरफान आणि शेंडेफळ नसीम. तिन्ही मुलं मिळवती झाली आणि दस्तगीरभाईंच्या डोक्याला खरा ताप सुरू झाला.

अल्ताफ चाकणच्या एका कंपनीत, इरफान भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये, नसीम दवाखान्यात नर्स. तिघांनाही शिफ्ट, आणि तिघांची कधी एक नाही. एक फर्स्टला असला की दुसरा सेकंडला, आणि दोघं जुळले की नसीमची नाइट. एकाचा डबा भरून होतो तोवर दुसऱ्याचा घासायला पडायचा. एकदा इरफान मला म्हणाला होता, "भाईला मी महिन्यात झोपलेलाच बघतो. उभा कसा दिसतो, विसरलो."

दस्तगीरभाईंना हे सोसायचं नाही. त्यांच्याकडे रीत होती: जमिनीवर दस्तरखान अंथरायचं, म्हणजे जेवणासाठीची चादर, सगळ्यांनी तिच्या भोवती बसायचं आणि सगळे आल्याशिवाय कुणी पहिला घास घ्यायचा नाही. रोज ते जमणार नव्हतं हे त्यांनी मान्य केलं होतं. पण आठवड्यातून एकदा तरी झालंच पाहिजे. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, म्हणून या जेवणाला घरात 'गुरुवार' म्हणत. आता अल्ताफची सुट्टी निराळ्या वारी, नसीमची तर फिरती. तेव्हा जेवण कधीही झालं तरी त्याचं नाव गुरुवारच. "ताई, या हप्त्यात गुरुवार मंगळवारी हाय," असं ते मला अगदी गंभीरपणे सांगत. एकदा तर गुरुवार शनिवारी पहाटे पडला होता. नसीम नाइटहून आलेली, अल्ताफ फर्स्टला निघालेला, इरफान अर्धवट झोपेत, आणि दिवस उजाडायच्या आत सगळे मटणाचा रस्सा ओरपत बसलेले. गल्लीतली कुत्रीसुद्धा वेळेच्या हिशेबाने गोंधळली असतील.

कुणाची शिफ्ट कधी बदलते हे त्यांना मुलांपेक्षा जास्त पाठ. इतकंच नाही, गिऱ्हाइकांवरही ते हा नेम लादायचे. भोसरीत खोली घेऊन राहणारी तीन मराठवाड्याकडची पोरं एकदा गादी मागायला आली. तिघांत एकच. खोली एवढीशी, की दुसरी गादी टाकली तर दार उघडत नाही. पण तिघांच्या शिफ्ट वेगळ्या, त्यामुळे झोपायला एकावेळी एकच माणूस. दस्तगीरभाईंनी गादी एक शिवली आणि तिला खोळी तीन, तीन रंगांच्या पट्ट्यांच्या. ज्याने त्याने झोपताना आपली चढवायची, उठताना काढायची. वर दम भरला, "गादी आठवडाभर वापरा. पर एक दिवस तिघांनी संगं जेवायचं. न्हाई जेवला तर मला कळंल." कसं कळणार होतं देव जाणे, पण पोरं घाबरली. त्यातला एक जण नंतर कित्येक दिवस दुकानासमोरून जाताना, न विचारता, "जेवलो चाचा, जेवलो," असं ओरडून जायचा.

एका खऱ्याखुऱ्या गुरुवारी मात्र गडबड झाली. सगळं जुळून आलेलं. नसीम मोकळी, इरफानला सुट्टी, अल्ताफची फर्स्ट संपून तो दुपारी घरी येणार. भाभींनी मोठं पातेलं चढवलेलं. आणि ऐनवेळी अल्ताफचा फोन, ओव्हरटाइम लागला, येत नाही. मला वाटलं, आता माणूस चिडणार. हे चिडले नाहीत. दुकानासमोर गाद्या पोचवायचा टेम्पो उभा होता. त्यात त्यांनी पातेलं ठेवलं, भाकऱ्यांचं गाठोडं ठेवलं, बायको ठेवली, मुलं ठेवली, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, पातेलं धरायला एक माणूस कमी पडतंय." मी शटर ओढलं. का ओढलं ते मला आजही सांगता यायचं नाही. काळेवाडी ते चाकण मी रश्श्याचं गरम पातेलं मांडीवर घेऊन गेले. मोशीच्या अलीकडे प्रत्येक खड्ड्याला त्या रश्श्याने माझ्या साडीची चव घेतली.

कंपनीच्या गेटवर पोचल्यावर त्यांनी अल्ताफला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "आमी सगळे आलोय. भाईर ये." झालं. भर कामाच्या वेळी सगळं घर गेटवर आलंय म्हटल्यावर पोराने काय समजायचं? गेटपास घेऊन तो धावत आला, तोंडावर रक्त नाही, आणि त्याच्या मागे त्याचा सुपरवायझर, तोही घाबरलेला. बघतात तर टेम्पोत गादी पसरलेली, गादीवर दस्तरखान, आणि दस्तगीरभाई रस्सा ढवळतायत.

"अब्बा! मला वाटलं कोण गेलं की काय!"

"भाकरी गार झाली तर जीव जाईल माझा. बस."

सिक्युरिटीवाला टेम्पो हटवायला आला, त्याला वाढलं. सुपरवायझर नको नको म्हणत चाकावर पाय देऊन वर चढला. गेटपासवर अल्ताफने कारण लिहिलं होतं, घरगुती अडचण. पुढे कंपनीत त्याला बरेच दिवस विचारत होते, घरगुती अडचण पुन्हा कधी येणार?

असा हा माणूस. त्यांना दुसरा काही शौक नव्हता. मशिदीत जाऊन यायचे, चहाला गूळ लागायचा, क्रिकेटमधलं काही कळत नसताना हरणाऱ्या संघाची बाजू घ्यायचे. मी काही मागायच्या आधीच त्यांनी दिलं. माझ्या आईला शेवटच्या आजारात मऊ गादी हवी होती, तर तिच्या खोलीत बसून, तिच्याशी गप्पा मारत, तिच्या डोळ्यांसमोर त्यांनी ती शिवली. आईला तिच्यावर चांगली झोप लागली. हे मी विसरणार नाही.

मग अल्ताफने चऱ्होलीला फ्लॅट घेतला. मधल्या वर्षांत त्याचं लग्न झालं होतं, त्याची मुलं मोठी होत होती, मागच्या खोल्या पुरत नव्हत्या. यात वावगं काहीच नव्हतं. दस्तगीरभाईंनी एका शब्दानं अडवलं नाही. उलट महिनाभर ते एका गादीमागे लागले. उत्तम कापूस, दोनदा पिंजलेला, कडेची शिवण तर अशी की मी फोटो काढून ठेवला. तिच्यावर ते एवढे घोरले की माझ्या गिऱ्हाइकांना ओरडून बोलावं लागलं.

घरभरणीच्या दिवशी सगळे चऱ्होलीला गेलो. सुनेने बॉक्सचा पलंग घेतला होता आणि त्यावर स्प्रिंगची तयार गादी. ती गादी ऑनलाइन मागवलेली. सासऱ्यांची गादी बाल्कनीत होती आणि तिच्यावर पाहुण्यांच्या पिशव्या. मी पाहिलं आणि तोंड फिरवलं. इरफानने पाहिलं आणि तोंड उघडलं. पाहुण्यांसमोरच म्हणाला, "अब्बांची गादी भाईर आन् तुमी स्प्रिंगवर उड्या मारा." अल्ताफ दिवसभर मशीनसमोर उभा राहणारा, पाठीच्या दुखण्याने वैतागलेला. तोही बोलला, "माझ्या पाठीला न्हाई जमत ती. तुला एवढा पुळका असंल तर घेऊन जा. तसं पण अब्बांच्या जिवावर तूच राहतोस." हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. इरफानने खरंच गादी गुंडाळली, लिफ्टमध्ये कोंबली, मोटारसायकलवर बांधली आणि चऱ्होलीहून काळेवाडीपर्यंत आणली. दस्तगीरभाई हातात शिरखुर्म्याची वाटी घेऊन तसेच उभे राहिले होते.

त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलेना. आणि गुरुवार मोडला. अल्ताफ फोनवर सांगायचा, शिफ्ट आहे. दस्तगीरभाईंना त्याच्या शिफ्ट पाठ होत्या, पण म्हणायचे, "असंल, असंल. बदलली असंल." दस्तरखान अंथरलं जायचंच. ते सगळ्यांना वाढायचे, जेवा म्हणायचे, स्वतः मात्र हात लावायचे नाहीत. पोट बिघडलंय म्हणायचे. नंतर माझ्या दुकानात येऊन, माझ्याकडे पाठ करून, चहात बुडवून पाव खायचे. मला ते बघवायचं नाही. मी मुद्दाम मशीन सुरू करायचे, कागद नसला तरी.

त्यांनी प्रयत्न सोडला नव्हता. एके दिवशी एकटेच बसने चऱ्होलीला गेले आणि संध्याकाळी परत येऊन मला म्हणाले, "सून म्हणली, बसा अब्बा. मी म्हणलं, बसत न्हाई, झोपतो. त्या स्प्रिंगवर पडलो. ताई, काय सांगू, दोन नमाज चुकले असते."

"म्हणजे पास?"

"पास. झोप आली तर खोटं कशाला बोलू?"

तेच त्यांनी इरफानलाही सांगितलं. त्यांना वाटलं होतं, गादीवरनं भांडण झालं, गादी पास झाली की मिटेल. इरफान म्हणाला, "अब्बा, गादीचं सोडा. तो काय बोलला ते तुमी ऐकलं न्हाई का?" त्यांनी ऐकलं होतं. त्यावर त्यांच्याकडे काही उपाय नव्हता.

त्याच वर्षी त्यांची छाती बिघडली. आयुष्यभराचा कापूस आत गेलेला, दुसरं काय होणार? दवाखान्यात ठेवलं तेव्हा तिन्ही मुलांनी पाळ्या लावून घेतल्या. कामासारख्याच, फर्स्ट, सेकंड, नाइट. एक भाऊ आला की दुसरा उठून जायचा. डबा, गोळ्यांची पिशवी, चार्जर, सगळं खुर्चीवर ठेवून जायचं, हातात द्यायचं नाही. मी भेटायला गेले होते तेव्हा हा प्रकार डोळ्यांनी पाहिला. दस्तगीरभाईंनी नाकाची नळी सारखी केली आणि मला म्हणाले, "कंपनीत शिफ्ट बदलताना मशीनबद्दल दोन शब्द तरी बोलत्यात, ताई. हे बापाबद्दल पण बोलंनात." ते हसत हसत म्हणाले. मला मात्र त्या दोघांच्या कानाखाली वाजवाविशी वाटली.

घरी आणल्यावर आठवड्याभरात ते गेले. त्याआधीचा जो गुरुवार, त्याच दिवशी मी त्यांना शेवटचं पाहिलं. वारानेही गुरुवारच होता.

मी दुपारी लापशीचा डबा घेऊन मागच्या दाराने गेले. दस्तरखान अंथरलेलं. बाप घरी आला म्हणून अल्ताफ आला होता, सेकंड शिफ्टच्या कपड्यांतच. काळेवाडी फाट्यावरून कंपनीची बस पकडायची होती त्याला. इरफान दुसऱ्या टोकाला. भाभी आणि नसीम मध्ये. दस्तगीरभाई भिंतीला टेकून, पायांवर गोधडी घेऊन बसले होते. सगळे जेवत होते, आणि ताटलीला चमचा लागल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटत होता. दस्तगीरभाईंच्या पुढची खिचडी तशीच होती.

अल्ताफने घाईत हात धुतले आणि दाराशी गेला. "माझे बूट कुठं गेले?"

कुणालाच माहीत नाही. नसीमने पलंगाखाली पाहिलं, भाभींनी बाहेर पाहिलं. "अगं, हितंच काढले होते. बस जाईल माझी." तो घामाघूम. दस्तगीरभाई म्हणाले, "सापडतील रे. तोवर अजून अर्धी भाकरी खा." आणि मला दिसलं. त्यांच्या गोधडीखालून काळी नाडी बाहेर आली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आजारी माणसाच्या चेहऱ्यावर इतका लबाड आनंद मी पाहिला नव्हता. मी डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

अल्ताफचा फोन वाजला. बस गेली होती.

"झालं! आता कसा जाऊ? आज लाइन माझ्यावर हाय."

इरफान ताटलीत बघत होता. मग तो भिंतीकडे बघून म्हणाला, "गाडी हाय की भाईर. पेट्रोल पण भरलंय."

अल्ताफ थांबला. "तुला सुट्टी हाय ना आज?"

"मग सुट्टीच्या दिवशीच सोडणार ना? बाकीच्या दिवशी मी काय रिकामा हाय?"

चार महिन्यांत दोघांनी एकमेकांना म्हटलेलं ते पहिलं वाक्य. दस्तगीरभाईंनी गोधडी बाजूला केली. "हे काय, हितंच तर हायत बूट. डोळे कुठं गेले सगळ्यांचे?" अल्ताफने बूट घेतले. त्याला कळलं, इरफानला कळलं, भाभींनी तर पदर तोंडाला लावला.

दोघं बाहेर पडले. दस्तगीरभाईंनी मला हात मागितला, मी त्यांना उठवून दारापर्यंत नेलं. उंबऱ्यापाशी वेताच्या मोढ्यावर बसले. इरफानने गाडी सुरू केली, अल्ताफ मागे बसला, जरा अंतर ठेवूनच, हात मागच्या दांड्यावर. गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर होता, तिथे त्याचा हात इरफानच्या खांद्यावर गेला आणि मग गाडी वळली.

दस्तगीरभाईंना धाप लागली होती. मी म्हटलं, आत चला, आराम करा. ते रस्त्याकडेच बघत होते.

"ताई, या टायमाला मोशीला ट्राफिक असंल का वं?"

"असणारच. तिथं कधी नसतं? तासभर तरी अडकतील दोघं."

"अडकू द्या," ते म्हणाले. मग मागे वळून त्यांनी भाभींना हाक मारली, "जैनब, माझी खिचडी गरम कर गं."